उन्हाळा संपताना नर्सरीत या चुका टाळा, पावसाच्या तारखेवर विसंबू नका

मे निम्मा सरला की पुण्याच्या आसपासच्या नर्सऱ्यांमध्ये, मग ती सोलापूर रोडची असो, सिंहगड रोडची असो नाहीतर वाघोलीकडची, एकच हिशोब चाललेला असतो. सात जूनला मृग लागतो, दहापर्यंत पाऊस येतो, तोवर कसंतरी निभवायचं. माझ्या मते नर्सरीवाल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान याच हिशोबाने होतं. पुण्यात मान्सूनची सरासरी तारीख 10 जून धरतात हे खरं, पण 2023 ला तो आला 25 जूनला आणि 2025 ला 26 मेलाच हजर, म्हणजे तब्बल महिन्याचा फरक. त्यामुळे माल किती ठेवायचा हे आपल्या टाकीत आणि बोअरला किती पाणी आहे ते बघून ठरवायचं, कॅलेंडर बघून नाही.

पाणी न मोजता गाडी उतरवून घेणं

मे महिन्यात आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियमहून माल स्वस्त मिळतोय म्हणून अख्खी गाडी मागवणारे बरेच असतात. आधी साधा गुणाकार करा. सहा इंची पिशवीला एका वेळेला अर्धा लिटर पाणी धरा, पाच हजार पिशव्या असतील तर अडीच हजार लिटर, आणि कडक उन्हात दोनदा द्यावं लागलं तर पाच हजार. म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दोन दिवसात संपला, आणि यात कुंड्या, मदर प्लांट (ज्यांच्यापासून नवीन रोपं करतो ती मोठी झाडं), सांडलेलं पाणी काहीच धरलं नाहीये. 2023 च्या मे महिन्यात शहरात दर गुरुवारी पाणी बंद ठेवलं होतं, असं झालं की टँकरची मागणी वाढते आणि नेमका आपल्याला पाहिजे तेव्हा टँकर मिळत नाही. निदान दोन दिवसांचं पाणी साठवून ठेवता येईल एवढाच माल ठेवा, बाकीचा सवलतीत का होईना पण मेच्या आधी विकून मोकळे व्हा.

आणि बाहेरून आलेला माल आल्या आल्या रांगेत लावू नका. गोदावरीकाठच्या दमट हवेतलं रोप इथल्या कोरड्या वाऱ्यात आलं की पानं गाळतं, ते मेलंय असं समजून लगेच कुंडी बदलतात, खत टाकतात, आणि मग ते खरंच मरतं. आठ-दहा दिवस सावलीत, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवा, बाकी काही करू नका.

मान टाकलेल्या रोपाला भर दुपारी पाणी

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण कामावरचा माणूस अगदी काळजीपोटी ती करतो. दुपारी दोनला जास्वंद, हायड्रेंजिया, मोठ्या पानांची रोपं मलूल दिसतात, म्हणून तो पाइप घेऊन धावतो. पण त्या वेळेला पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या ओढण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, माती ओली असली तरी रोप मान टाकतंच. आधी पिशवी उचलून बघा, जड लागतीये का, बोट दोन इंच आत घाला. आत ओल असेल तर हात लावू नका, संध्याकाळी ते आपोआप उभं राहतं. सकाळी सहालासुद्धा मान खालीच असेल तर मात्र पिशवी उलटी करून मुळं बघा. पांढरी, टणक असतील तर ठीक, तपकिरी झाली असतील आणि आंबूस वास येत असेल तर ती मूळकूज, आणि तिचं कारण बहुतेक वेळा जास्तीचं पाणीच असतं. असं रोप वेगळं काढा, पाणी कमी करा, शेजारच्या रोपांना ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) द्या.

याच्या बरोब्बर उलटा प्रकार म्हणजे पाणी रोज देतोय तरी रोप सुकतंय. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही, वरून ओतलेलं कडेकडेने खाली निघून जातं, वरचा थर ओला दिसतो आणि गड्डा आत कोरडा ठणठणीत. थोडी रोपं असतील तर टबात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, पूर्ण रांग असेल तर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा थोडं थोडं पाणी फिरवा.

पाइपचंही बघा. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते आधी बादलीत काढा आणि गार लागायला लागलं की मगच रांगेत जा. तसंच काळ्या पिशव्यांची पश्चिमेकडची शेवटची ओळ बघत चला, दुपारनंतरचं ऊन थेट पिशवीवर पडून त्या बाजूची मुळं भाजतात आणि वरून काहीच कळत नाही. तिथे ओलं गोणपाट लावा किंवा बोगनवेल, अडेनियमसारखी उन्हाला दाद न देणारी रोपं त्या ओळीत ठेवा.

पानांची टोकं जळतायत आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर येतोय, तर ते ऊन नाही, क्षार आहेत. मेमध्ये बोअरचं पाणी खाली गेलं की ते जास्तच जड होतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा स्वस्तातला टीडीएस मीटर घ्या, आकडा हजारच्या वर असेल तर फर्न, कॅलेथिया यांना ते पाणी देऊ नका, साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी त्यांच्यासाठी राखून ठेवा. आणि या दिवसांत रासायनिक खताचा डोस नकोच, क्षारांत आणखी भर पडते.

शेडनेट आणि फवारणी

नेट डोक्याला लागेल इतकी खाली आणि चारी बाजूंनी बंद केली की आत भट्टी होते. उंची दहा फुटांच्या पुढे ठेवा, बाजू मोकळ्या ठेवा, बहुतेक मालाला 50 टक्के सावली देणारी नेट पुरते, इनडोअरला 75.

पानावर बारीक पिवळे ठिपके, खाली जाळी, म्हणजे लाल कोळी. पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालायला लागले तर नक्की समजा. इथे दुकानदार हमखास इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक देतो, पण कोळी हा कीटक नाही, त्याने तो मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक जातात आणि कोळी वाढतो. पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा मारा, दोन-तीन दिवसांनी परत मारा. गंधक मारायचं तर ऊन उतरल्यावर, आणि पारा 35 च्या आसपास किंवा वर असेल त्या दिवशी नकोच, पानं भाजतात. निंबोळी तेलही संध्याकाळीच, आणि गंधकानंतर निदान दोन आठवडे नाही.

वळीव आला की सुटलो असं समजणं

वळवाच्या पावसात पाणी कमी आणि वारा, गारा जास्त. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात मावळ, जुन्नरकडची कितीतरी पॉलिहाऊस फाटली. सुतळीने बांधलेली नेट आताच तारेने बांधा, उंच रोपांना काठी द्या. पिशव्यांची खालची भोकं मुळांनी बुजलीयत का बघा, नाहीतर उन्हाळाभर वाचवलेलं रोप पहिल्या चार दिवसांच्या पावसात कुजेल. बियांच्या ट्रे छताखाली घ्या. आणि नेट एका दिवसात काढून टाकू नका, ढगाळ दिवस बघून टप्प्याटप्प्याने काढा, जूनमध्ये मध्येच चार दिवस कडक ऊन पडतंच.

शेवटचं पैशाचं. जूनच्या वृक्षारोपणाची मोठी ऑर्डर तोंडी असते, हजार रोपं बाजूला ठेवा म्हणतात, पाऊस लांबला की फोन उचलत नाहीत आणि ती रोपं आपल्या पाण्यावर जगत राहतात. ओळखीचा लँडस्केपवाला असला तरी निम्मा अॅडव्हान्स घ्या, रोपाची जात, उंची, पिशवीचा साइज, उचलायची तारीख कागदावर घ्या, आणि त्याच कागदावर हेही लिहा की ठरलेल्या तारखेनंतर माल राहिला तर दर आठवड्याला पाण्याचे आणि मजुरीचे पैसे वेगळे.