सापडलेला खडा हिरा आहे का? आधी वजन करा

खनिजशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते म्हटल्यावर लोक माझ्याकडे खडे घेऊन येतात. कुणी रुमालाच्या गाठीत, कुणी काडेपेटीत. एकदा तर औषधाच्या रिकाम्या बाटलीतून एक खडा आला. "बघा ना मॅडम, किती चकाकतोय!" मला शंका आली ती तिथेच. हिऱ्याची चमचम बरीचशी पैलू पाडणाऱ्याच्या हातची असते. कच्चा हिरा बघाल तर तेलाचा हात लागलेल्या काचेसारखा किंवा ओल्या तुरटीच्या खड्यासारखा दिसतो. बाटलीतला खडा गारगोटी निघाला, म्हणजे क्वार्ट्झ. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक खड्यांचं हेच होतं, म्हणून मी हिरा शोधायला बसतच नाही. हा खडा हिरा नाही हे कशावरून कळेल, एवढंच बघत जाते.

खडा आधी साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने स्वच्छ घासा आणि दहापट भिंगाखाली धरा. आत गोल बुडबुडे दिसले तर जवळजवळ नक्की काच. फुटलेली जागा शिंपल्यासारखी वळणावळणाची असेल तर बहुधा काच किंवा क्वार्ट्झ. सहा बाजूंचा खांब आणि त्यावर आडव्या बारीक रेघा असतील तर क्वार्ट्झच. हिऱ्याचा नेहमीचा आकार म्हणजे तळाला तळ लावून ठेवलेले दोन पिरॅमिड, आठ बाजूंचे. पण भूमितीच्या पुस्तकातल्यासारखे धारदार नव्हेत. कडा बोथटलेल्या, बाजू किंचित फुगीर. कधी तो चपट्या त्रिकोणी चकतीसारखाही असतो. आणि नशीब जोरावर असेल तर त्या बाजूंवर बारीक त्रिकोणी खळगे दिसतात, एकात एक बसवल्यासारखे. गंमत अशी, की बाजूचा त्रिकोण टोक वर करून धरला, तर या खळग्यांची टोकं खाली असतात. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा मी भिंग तासभर खाली ठेवलं नव्हतं.

आकारावर मात्र भाळू नका. एका विद्यार्थिनीने अगदी रेखीव आठ बाजूंचा, फिकट हिरवा खडा आणला होता. वर्गात एकच गलका. मी साध्या चाकूच्या टोकाने कोपऱ्यावर हलकेच ओढलं, तर रेघ उमटली. फ्लुओराइट! तो फुटतोच मुळी अशा आकारात आणि त्याचा कठीणपणा जेमतेम ४ (मोह्सच्या १ ते १० च्या मापावर; हिरा १०). रेघ उमटली असं वाटलं तर ओल्या बोटाने पुसून बघा. कधी कधी ती चाकूचंच पोलाद घासून पडलेली असते आणि पुसली जाते.

आता वजन. माझा सगळ्यात जास्त विश्वास याच चाचणीवर आहे आणि लोक नेमकी हीच टाळतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. कोरडा खडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. खड्याला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. दोरा हातातच राहील. काटा आता जो आकडा दाखवेल, तेवढं पाणी खड्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा, घनता मिळते.

बाटलीतल्या खड्याचंच उदाहरण घेऊ. कोरडा ३.१८ ग्रॅम, पाण्यात आकडा १.२०. भागाकार २.६५. क्वार्ट्झची घनता नेमकी हीच. तेवढ्याच वजनाचा हिरा असता तर आकडा ०.९० च्या आसपास यायला हवा होता, कारण हिऱ्याची घनता ३.५२ आहे. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर कमी येतं, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि तीनदा मोजा. खडा पाव ग्रॅमहून हलका असेल तर या काट्यावर भरवसा ठेवू नका.

३.५ च्या आसपास आकडा आला की हात थरथरतात, माहीत आहे. पण टोपाझही तिथेच येतो आणि स्पिनेल ३.६ ला. त्यांच्यातून हिरा निवडायचा तर कुरुंदाचा स्वस्तातला कृत्रिम तुकडा घ्या आणि खड्याची कड त्यावर ओढा. टोपाझ आणि स्पिनेल यांचा कठीणपणा ८, कुरुंदाचा ९. ते कुरुंदावर ओरखडा काढूच शकत नाहीत, हिरा काढतो. काचेवर ओरखडा काढून दाखवणाऱ्यांना मी हात जोडते. काच तर गारगोटीही ओरबाडते.

हातोडीचं खूळ कुठून आलं कोण जाणे, पण ते फार जुनं आहे. एक मुलगा चार तुकडे घेऊन आला होता. "खरा असता तर फुटला नसता ना?" अरे बाबा, कठीण असणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. हिरा चार ठरावीक दिशांना स्वच्छ चिरतो; घाव बसला की संपलं. आगीतही घालू नका, हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, हवेत पुरेसा तापला तर जळतो. अतिनील दिव्याखाली सगळे हिरे चमकत नाहीत, साधारण तिसरा हिस्साच, तेव्हा नाही चमकला म्हणून निराश व्हायचं कारण नाही. चमकला म्हणून पेढे वाटायचंही नाही, फ्लुओराइट त्याहून झकास चमकतो.

एवढ्या सगळ्यातून खडा पार पडला तरच रत्नपरीक्षण प्रयोगशाळा गाठा आणि रामन वर्णपट मागा, म्हणजे खड्यावर लेझर टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून पदार्थ ओळखायची चाचणी. हिऱ्याची रेषा १३३२ प्रति सेंटिमीटरला येते, तिथे टोपाझ-स्पिनेलचा घोळ राहत नाही. नेताना खडा एकटा कागदाच्या पुडीत ठेवा, इतर खड्यांबरोबर नको. पुडीवर वजन, घनता आणि सापडल्याची जागा लिहा. ती जागा परीक्षक हमखास विचारतो आणि तेव्हा नेमकी कुणालाच आठवत नाही.