जुना डेस्कटॉप, हात आखडता: आधी काय बदलायचं?

कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला की बहुतेकांना पहिला संशय प्रोसेसरचा येतो. बिचाऱ्याचा दोष क्वचितच असतो. तेव्हा खरेदीला निघण्याआधी गाडं अडतंय कुठे ते बघा. त्याला पैसे लागत नाहीत.

१. निदान

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडला की परफॉर्मन्स या भागात जा आणि नेहमीचं काम सुरू करा: ब्राउझरचे आठ-दहा टॅब, एखादी एक्सेल फाइल. डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल तर दुखणं तिथे आहे. मेमरी ९० च्या वर असेल तर रॅम, म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती मेमरी, कमी पडतेय. दोन्ही भरलेलं दिसलं तर जरा थांबा. रॅम संपली की विंडोज तात्पुरता माल डिस्कवर टाकतं, त्यामुळे डिस्कही उगाच दमलेली दिसते.

२. झाडलोट

वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, मग कॅबिनेट उघडा. मऊ ब्रशने धूळ काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. बंद करून चालू केल्यावर घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा (सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डावरचा) सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बदला.

३. एसएसडी

एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील आणि आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर मी डोळे झाकून एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, सांगेन. हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० वेळा फिरली तरी तिच्या वाचणाऱ्या टोकाला प्रत्येक तुकड्यासाठी जागा शोधत हिंडावं लागतं. इकडे-तिकडे विखुरलेले असे तुकडे सेकंदाला शंभरेकच वाचून होतात. एसएसडीत हलणारा भागच नाही, तिथे हा आकडा हजारांत जातो. विंडोज सुरू होणं म्हणजे असे असंख्य तुकडे वाचणं, म्हणून फरक पहिल्याच दिवशी कळतो.

जुन्या बोर्डावर एम.२ ची (थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीची) खाच बहुधा नसते, म्हणून हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची अडीच इंची साटा एसएसडी घ्या. २४० किंवा २५६ जीबी पुरे. फोटो-सिनेमे जुन्या डिस्कवरच राहू द्या.

आधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटाचा मोड एएचसीआय करा. हे विंडोज टाकण्याआधीच, कारण नंतर बदललात तर विंडोज सुरूच न होण्याची शक्यता असते. मग एसएसडीवर विंडोज टाकण्यापूर्वी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. ही पायरी लोक गाळतात, आणि विंडोज आपल्या सुरुवातीच्या फाइल्स गुपचूप जुन्या डिस्कवर टाकून मोकळं होतं. पुढे ती डिस्क काढली की कॉम्प्युटर उठतच नाही. सगळं नीट चालल्यावर केबल परत जोडा.

४. रॅम

४ जीबी असेल तर ८ करा. साध्या कामाला तेवढी चालते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट भरलेत ते दिसतं. प्रकार मात्र नीट तपासा. मी एकदा घाईत डीडीआर३ च्या बोर्डासाठी डीडीआर४ घेऊन आलो आणि स्लॉटशी झटापट करत बसलो. पहिलीला २४० पिना, दुसरीला २८८, खाचही वेगळ्या जागी. ती बसणारच नव्हती! आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम बहुधा वायाच जाते. आधी ६४ बिटचं टाका.

रॅम सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, लावून तपासता येते. एसएसडी आणि पॉवर सप्लाय मात्र नवेच घ्या. एसएसडी लिहून लिहून झिजते, आणि बिघडलेला पॉवर सप्लाय जाताना इतरांनाही घेऊन जातो.

५. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड

एवढं करूनही सीपीयू, म्हणजे प्रोसेसरच, १०० टक्क्यांवर राहत असेल तरच इकडे वळा. सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) जुळायला हवं आणि बोर्डाच्या बायोसने तो प्रोसेसर ओळखायला हवा. उदाहरणार्थ, एलजीए ११५५ या सॉकेटमध्ये इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी बसते, पण जुन्या बोर्डांवर तिसरीसाठी बायोस अपडेट लागू शकतं. ग्राफिक्स कार्ड गेम खेळत नसाल तर सोडून द्या. घ्यायचंच असेल तर वेगळी पॉवर केबल न लागणारं बघा. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. मदरबोर्डच बदलायची वेळ आली तर पैसे राखून ठेवा, कारण त्यापाठोपाठ प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते.

६. विंडोज की लिनक्स?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याहून जुन्या मशीनवर मी लिनक्स मिंट, ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, टाकतो. ते पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं. तेव्हाच वायफाय, प्रिंटर आणि आवाज तपासा. तिन्ही चालले तरच एसएसडीवर टाका.