कुकीकटरने प्रोजेक्ट काढताय? या चुका टाळा

जळगावात पोरांना पायथन शिकवतो. नवा प्रोजेक्ट काढायला कुकीकटर वापरतो: प्रश्न विचारून तयार टेम्प्लेटमधून, म्हणजे साच्यातून, प्रोजेक्टच्या फायली काढून देणारा प्रोग्राम. दर बॅचला एकच दृश्य: कुकीकटर प्रश्न विचारायला लागला की बोट एंटरवर जातं आणि शेवटपर्यंत तिथून उठत नाही. दोन मिनिटांत प्रोजेक्ट तयार, पोरगं खूश.

भाऊ, प्रश्न वाच. कुकीकटर-जँगो या वेबसाइट बनवायच्या टेम्प्लेटला नुसतं एंटर मारत गेलास तर प्रोजेक्टचं नाव 'माय ऑसम प्रोजेक्ट' पडतं. ते निदान डोळ्यांना खुपतं. टाइमझोन मात्र गुपचूप यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहतो.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी आमच्या एका मुलाने वजनपावतीचं सॉफ्टवेअर असंच उभं केलं. दिवसा तपासलं, सगळं बरोबर. मे महिन्यात ऊन टाळायला गाड्या रात्री भरायला लागल्या आणि हिशेब फिसकटला. यूटीसी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत फाडलेल्या प्रत्येक पावतीवर आदल्या दिवसाची तारीख, आणि भावही आदल्या दिवसाचा. भाव चढता होता, म्हणजे शेतकऱ्याला पैसे कमी. सेटिंगमध्ये 'एशिया/कोलकाता' लिहायला मिनिटही लागलं नाही. पण डेटाबेसमध्ये नुसती तारीख साठवलेली, वेळ नाहीच. कोणती पावती कधीची हे कळायला काट्यावरच्या कागदी चिठ्ठ्या एकेक करून जुळवाव्या लागल्या. तीन रात्री गेल्या.

तेव्हापासून मी आधी टेम्प्लेटमधली 'कुकीकटर डॉट जेसन' उघडतो. सगळे प्रश्न आणि त्यांची ठरलेली उत्तरं तिथेच असतात. माझी उत्तरं वहीत लिहितो, मगच कमांड चालवतो. नाव, ईमेल, टाइमझोन ही नेहमीची उत्तरं होम फोल्डरमधल्या 'डॉट कुकीकटरआरसी' फायलीत 'डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट'खाली ठेवली आहेत. 'नो-इनपुट' ऑप्शन नवशिक्याने वापरूच नये. तो एकही प्रश्न न विचारता ठरलेली उत्तरं घेऊन मोकळा होतो. घाई असलेल्यालाच तो आवडतो, आणि त्यालाच तो नडतो.

प्रोजेक्ट स्लगमध्ये, म्हणजे कोडमध्ये वापरायच्या प्रोजेक्टच्या नावात, हायफन नको. पायथनला ते वजाबाकीचं चिन्ह वाटतं, इम्पोर्ट अडतो. अंडरस्कोर वापरा.

आणि नाव चुकलंच तर फोल्डरचं नाव हाताने बदलत बसू नका. ते सेटिंग, टेस्ट, डॉकरच्या फायली, सगळीकडे पसरलेलं असतं. चार ठिकाणी बदलाल, पाचवं राहील. स्वतःचा कोड अजून लिहिला नसेल तर अख्खा फोल्डर उडवा. तुमची उत्तरं होममधल्या 'डॉट कुकीकटर_रिप्ले' फोल्डरमध्ये जपलेली असतात. तिथल्या फायलीत चुकलेलं तेवढं दुरुस्त करा आणि 'रिप्ले' ऑप्शनने प्रोजेक्ट पुन्हा काढा.

स्वतःचं टेम्प्लेट बनवत असाल तर गिटहब ॲक्शन्सच्या (गिटहबवर टेस्ट वगैरे आपोआप चालवायची सोय) फायली सांभाळा. त्यातले दुहेरी महिरपी कंस जिंजा, म्हणजे टेम्प्लेटमध्ये तुमची उत्तरं भरणारा भाग, आपलेच समजतो. त्या फायली 'कुकीकटर डॉट जेसन'मधल्या 'कॉपी विदाउट रेंडर'च्या यादीत टाका, म्हणजे त्या जशाच्या तशा उतरतात.

अनोळखी माणसाचं टेम्प्लेट चालवण्याआधी 'हुक्स' फोल्डर वाचा. त्यातला कोड प्रोजेक्ट काढताना तुमच्याच मशीनवर आपोआप चालतो.

टेम्प्लेट आधी उतरवलेलं असेल तर ते पुसून नव्याने आणू का, असं कुकीकटर विचारतो. हो म्हणा. नाही म्हणून जुन्याच प्रतीवर काम करायचं आणि मग 'सर, नवीन फाइल का आली नाही?' म्हणून मला रात्री फोन करायचा, हे गेल्या बॅचमध्ये चौघांनी केलं.