जेलीफिन भलताच सिनेमा दाखवतंय? आधी फाइलचं नाव बघा

जुनी हार्ड डिस्क जेलीफिनला (आपल्याकडचे सिनेमे घरातल्या टीव्ही-फोनवर दाखवणारा सर्व्हर प्रोग्राम) जोडली आणि निम्म्या सिनेमांना भलतीच पोस्टरं लागली, की माणूस सेटिंग्ज उचकायला बसतो. बहुतेक वेळा दोष तिथे नसतो. सर्व्हर सिनेमा बघून ओळखत नाही. तो फोल्डरचं आणि फाइलचं नाव वाचतो, त्यातून शीर्षक आणि साल काढतो आणि टीएमडीबीसारख्या ऑनलाइन सूचीत शोधतो.

(खालची नावं इथे देवनागरीत आहेत, डिस्कवर इंग्रजी अक्षरं आणि अंक वापरा.)

१. सिनेमे, मालिका आणि घरचे व्हिडिओ यांची तीन फोल्डरं करा. जेलीफिनमध्ये ती लायब्ररी म्हणून जोडताना प्रत्येकाचा ‘कन्टेन्ट टाइप’ नीट निवडा. ताईच्या हळदीचा व्हिडिओ सिनेमांत पडला, तर त्याला एखाद्या परदेशी थरारपटाचं पोस्टर लागू शकतं!

२. दर सिनेमाला वेगळं फोल्डर, आणि कंसात साल. साल कंटाळा न करता लिहाच. ‘श्यामची आई’ १९५३ सालचा आहे, तसाच २०२३ सालचाही. नुसतं नाव दिलंत तर सर्व्हरने कुठला उचलावा? म्हणून फोल्डर ‘श्यामची आई (१९५३)’ आणि आतल्या फाइलचंही नाव तेच. डाउनलोडसोबत आलेलं शेपूट, म्हणजे साइटचं नाव वगैरे, काढून टाका. इंग्रजी स्पेलिंग मनाने करू नका. टीएमडीबीच्या पानावर असेल तेच उतरवा. मराठी नावं इथेच सगळ्यात जास्त घसरतात.

३. मालिकेच्या फोल्डरात ‘सीझन ०१’, त्यात ‘एस०१ई०५’ (पहिला सीझन, पाचवा भाग) अशा नावाच्या फाइली. विशेष भाग ‘सीझन ००’मध्ये.

४. तरीही चुकलं तर पोस्टरवरच्या तीन टिंबांतून ‘आयडेंटिफाय’ उघडा आणि सिनेमाचा टीएमडीबी क्रमांक द्या. तो त्या पानाच्या पत्त्यातच असतो. कायमचा बंदोबस्त हवा असेल, तर फोल्डरच्या नावाशेवटी चौकोनी कंसात ‘टीएमडीबीआयडी’, मग छोटी आडवी रेघ आणि क्रमांक लिहा. प्लेक्स या अशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये कंस महिरपी आणि शब्द नुसता ‘टीएमडीबी’.

५. नाव सुधारूनही जुनीच माहिती दिसते? फोल्डरात सिनेमाची माहिती साठवणारी ‘.एनएफओ’ फाइल आहे का बघा. कोडीसारख्या प्रोग्रामने कधीकाळी ठेवलेली ही फाइल सर्व्हर वाचतो, आणि तिच्यातच चुकीचा क्रमांक असेल तर तुमची मेहनत पाण्यात. ती हलवा, मग ‘रिफ्रेश मेटाडेटा’मध्ये सगळी माहिती बदलण्याचा पर्याय निवडा.

नाटकाचं जुनं रेकॉर्डिंग सूचीत सापडलंच नाही, तर ‘एडिट मेटाडेटा’मध्ये नाव आणि साल हाताने भरा आणि तिथेच कुलपाच्या पर्यायावर खूण करा, म्हणजे पुढच्या स्कॅनमध्ये ते पुसलं जाणार नाही.