गोडाऊनमध्ये युनियन करायची तर आधी वही घाला

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या हायवेच्या पट्ट्यात ऑनलाइन मालाच्या गोडाऊनमध्ये नाहीतर पार्सलच्या हबमध्ये सॉर्टिंगला, पॅकिंगला, गाडी खाली करायला जाणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. मी स्वतः अशाच एका ठिकाणी सॉर्टिंगला होते, आता युनियनचं काम बघते. माझे वडील शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलायचे, त्यामुळं युनियन हा शब्द घरात लहानपणापासून ऐकलेला. "ताई, आमच्यात युनियन करायची, काय करू?" असं कुणी विचारलं की मी पहिलं एकच सांगते: वही घाला, म्हणजे कामावर रोज काय झालं ते लिहून ठेवा.

कंपनीकडं तुमची सगळी नोंद असते. स्कॅनर हातात घेतल्यापासून किती पार्सलं मारली, दोन पार्सलांच्या मध्ये किती वेळ गेला, सगळं. अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या गोडाऊनमध्ये स्कॅन न करता गेलेल्या वेळाला 'टाइम ऑफ टास्क' म्हणतात आणि त्यावरून माणसांना कामावरून काढलेलं आहे. म्हणजे उद्या भांडण झालं तर त्यांच्याकडं आकडे आणि तुमच्याकडं नुसती तक्रार. कामगार कार्यालयातल्या साहेबासमोर तोंडी तक्रार टिकत नाही. म्हणून साधी शंभर पानी वही घ्या आणि घरी आल्यावर जेवायच्या आधी लिहा. जेवल्यावर झोप लागते.

लिहायचं असं: "मंगळवार. आत ८.५०, बाहेर ७.४०. जेवण १.३० ते १.५०. सकाळी टार्गेट तासाला १५० होतं, दुपारी १८० केलं. पाण्याचा जार तीनला संपला, पाचला आला. शेजारच्या बाईला चक्कर आली, टीम लीडरनं बसू दिलं नाही." बस्स, एवढंच. त्यात शिव्या नकोत, राग नको, अंदाज नको. वेळ, आकडा, कोण हजर होतं. गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता, कंपनीच्या स्क्रीनचा फोटो यातलं काही घ्यायचं नाही, कारण नेमकं तेच निमित्त करून तुम्हाला घालवतात.

संडासचं मात्र तपशिलानं लिहा, विशेषतः बायकांनी. आमच्या हबमध्ये संडास दुसऱ्या टोकाला होता. जाताना सिक्युरिटीपाशी अंगझडती, आत रांग, येताना परत झडती, आणि लाइनवर येईपर्यंत स्क्रीनवर तुमचं नाव लाल झालेलं. मग बायका पाणीच प्यायच्या नाहीत. मे महिन्यात, पत्र्याखाली. लघवीच्या जागी आग होऊ लागली तरी घरात बोलायच्या नाहीत. हे कुणा एकीची तब्येत नाजूक म्हणून होत नाही, ती कामाची रचनाच तशी आहे, आणि वहीत दहाजणींची नोंद जमली की ते उघड दिसतं. २०२४ च्या उन्हाळ्यात हरियाणातल्या मानेसरच्या अ‍ॅमेझॉन गोडाऊनमधल्या कामगारांनी सांगितलं, की सहा ट्रक खाली होईपर्यंत पाण्याला, संडासला जाणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. ते बाहेर आलं आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं स्वतःहून दखल घेतली. कामगार बोलले म्हणून बाहेर आलं.

वहीसोबत कागद जमवा. नेमणूकपत्र मागा, ते देणं आता कायद्यानं बंधनकारक आहे. पगारस्लिप दर महिन्याला घ्या. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा तुमचा नंबर, घेऊन उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक बघा. स्लिपमधून १२ टक्के कापलेले दिसतात आणि पासबुकात जमाच नाहीत, असं सर्रास सापडतं. पगार महिना २१,००० च्या आत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड पाहिजे. ओव्हरटाइमचा दर दुप्पट. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. रात्रपाळीला बाईची संमती लागते आणि तिला सुखरूप घरी पोचवायची सोय मालकानं करायची असते. वहीतले तास आणि स्लिपमधले तास शेजारी ठेवून बघा, युनियन कशाला पाहिजे हे मग कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

आता माणसं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना घेऊन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका. संध्याकाळच्या आत स्क्रीनशॉट सुपरवायझरकडं जातो. आधी चार-पाच विश्वासाची माणसं, तीही वेगवेगळ्या ठिकाणची: एक पॅकिंगचा, एक रात्रपाळीचा, एक गाडी भरणारा, आणि बाई असलीच पाहिजे. प्रत्येकानं आपल्या गावच्या पोरांशी समोरासमोर बोलायचं. गोडाऊनच्या गेटवर नाही. तावडे हॉटेलपाशी चहाला, गावातल्या तालमीत, बायकांचं बोलणं बचतगटाच्या बैठकीच्या दिवशी. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर अ‍ॅमेझॉनच्या लोकांनी हेच केलं. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या काळात सुरक्षेसाठी आवाज उठवणाऱ्या ख्रिस स्मॉल्सला कामावरून काढलं. त्यानं आणि सोबत्यांनी गोडाऊनजवळच्या बसस्टॉपवर मांडव टाकला, शिफ्ट सुटलेल्या लोकांना खायला दिलं, बोलत राहिले. एप्रिल २०२२ मध्ये २,६५४ विरुद्ध २,१३१ मतांनी युनियन जिंकली. जिंकल्यावरही कंपनी करार करायला बसेना, म्हणून २०२४ मध्ये ते टीमस्टर्स या जुन्या, मोठ्या युनियनला जोडले गेले. हे मुद्दाम सांगते, कारण नोंदणी झाली म्हणजे झालं असं समजून पोरं ढिली पडतात.

बोलताना भाषण करू नका, विचारा. "तुला काय त्रास होतो?" आणि गप्प बसून ऐका. एकाला पगाराचं दुखतंय, दुसऱ्याला सुट्टीचं, तिसरीला टीम लीडरच्या तोंडाचं. जे सगळ्यांना दुखतंय ते पहिलं धरा.

नोंदणीचं गणित अवघड नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे युनियन आणि मालक-कामगार संबंधांचा नवा कायदा, लागू झाली आहे. अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात. शिवाय त्या आस्थापनेतले किंवा त्या उद्योगातले १० टक्के किंवा १०० कामगार, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद पाहिजेत. म्हणजे गोडाऊन केवढंही असो, शंभर माणसं पुरे. मात्र वाटाघाटीला एकट्यानं बसायचा हक्क पक्का करायचा, आणि तिथं दुसरीही युनियन असेल, तर ५१ टक्के गाठावे लागतात. तेव्हा शंभरावर थांबू नका.

माझा आग्रह आहे की एका ठेकेदाराची युनियन काढू नका. टी-शर्टवर कंपनीचं नाव, स्लिपवर ठेकेदाराचं, आणि ठेका बदलला की युनियनच हवेत. पट्ट्यातल्या सगळ्या गोडाऊन कामगारांची मिळून एक काढा. "तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस" हे उत्तर आमच्या वडिलांच्या पिढीनंही ऐकलंय. गूळ अडत्याचा, गाडी दुसऱ्याची, आणि हमाल कुणाचाच नाही. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींना एकत्र केलं, बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाचं नाव माथाडी मंडळात, मजुरी मंडळामार्फत, वर मालकाकडून लेव्ही, म्हणजे मजुरीवर टक्केवारीनं भरायची जादा रक्कम. गोडाऊनमध्ये निव्वळ चढ-उताराचं काम करणाऱ्यांनी आपलं काम त्यात बसतं का याची चौकशी माथाडी मंडळात आजच करावी. बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ठेकेदारानं पगार बुडवला तर तो चुकता करायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

कंपनीला युनियनची कुणकुण लागली की पहिला वार ठरलेला असतो. आयडी बंद. सकाळी गेटवर कार्ड लावलं की लाल दिवा, आणि एचआर म्हणतं सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे. अशा वेळी गेटवर आरडाओरडा न करता त्याच मिनिटाला ठेकेदार आणि कंपनी दोघांना मेल टाका: "आज अमुक वाजता कामावर हजर झालो, आत सोडलं नाही, कारण लेखी द्यावं." हा मेल नसेल तर पुढं "तो स्वतःच यायचा बंद झाला" असं सांगतात. युनियनमध्ये गेला म्हणून काढणं ही कायद्यानं अनुचित कामगार प्रथा आहे. मेल आणि वही घेऊन सहायक कामगार आयुक्तांकडं जायचं. एकटं नाही, चारजणांनी.

आणि पहिलं मागणीपत्र छोटं ठेवा. पगारवाढ पुढं येईलच. आधी पाणी, संडास, बसायला स्टूल, पंखे, आणि टार्गेट लेखी. टार्गेट लेखी मागण्यात काही वावगं नाही. कॅलिफोर्नियात तसा कायदा आहे, आणि तो मोडला म्हणून २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनला ५९ लाख डॉलरचा दंड ठोठावला गेला. पत्राच्या दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर तारखेसकट सही-शिक्का घ्यायचा. पोच द्यायला नकार दिला तर तिथून निघून थेट पोस्टात जा, स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, आणि ती पावती वहीत त्याच तारखेच्या पानावर चिकटवा.