ठाणे ते न्यूयॉर्क : निघण्याआधी तासांचा हिशेब

सगळ्यात आधी तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड वाचा. बीओएम म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे उलव्याचा नवी मुंबई विमानतळ, जिथून डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. दोन वेगळी तिकिटं जोडून जाणार असाल आणि एकावर एक, दुसऱ्यावर दुसरा कोड असेल, तर मधला रस्ता बॅगांसकट तुम्हालाच कापायचा आहे.

नंतर तारीख. १४ तारखेचं पहाटे २ चं विमान म्हणजे १३ च्या रात्री घर सोडायचं. ही गफलत सर्रास होते आणि फार महागात पडते. म्हणून घरातल्या कॅलेंडरवर विमानाची नाही, निघायची तारीख लिहा. २ च्या विमानासाठी रात्री ११ ला टर्मिनल २ गाठायचं, कारण चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी, काही कंपन्यांचे त्याहूनही आधी, बंद होतात. नौपाड्यातून साडेनऊला निघालात तर चालेल. घोडबंदर रोडला राहत असाल तर साडेआठ धरा. रात्री अवजड वाहनं सुटली की कापूरबावडीपर्यंतच अर्धा तास सहज जातो.

आता हवेतले तास. मुंबई-न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगाने १४ तास होतात, पण त्यात चढण्या-उतरण्याचा वेळ, पश्चिमेला जाताना समोरून येणारा वारा आणि बंद हवाई हद्दींचा वळसा मिळवावा लागतो. म्हणून थेट विमानालाही १५-१६ तास धरा. येताना वारा पाठीशी असतो, वेळ कमी लागतो.

तिकिटावर सुटायची वेळ इथली आणि पोचायची तिथली असते. पहाटे २ ला सुटून सकाळी साडेसातला पोचणारं विमान साडेपाच तासांचं नव्हे. हिवाळ्यातला साडेदहा तासांचा फरक मिळवा, १६ तास होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा असतो.

दुबईमार्गे गेलात तर अंतर जेमतेम ४०० किलोमीटरने वाढतं. वेळ वाढतो तो तिथल्या थांब्यामुळे. दोन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका. अमेरिकेत उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल तर तीन तास ठेवाच, कारण पहिल्याच अमेरिकन विमानतळावर इमिग्रेशन उरकून बॅगा ताब्यात घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुन्हा सोपवायच्या असतात.

आई-बाबा जात असतील तर व्हीलचेअर किमान ४८ तास आधी नोंदवा. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. प्रवासात किती तासांनी घ्यायच्या हे डॉक्टरांना आधीच विचारून त्याच चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या. घ्यायला येणाऱ्याला विमान उतरायच्या वेळेत दीड-दोन तास मिळवून सांगा.