दुसरा क्लास कधी घ्यायचा?

सांगलीत, विश्रामबागला आमचं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा खेळ) चालतं. यात क्लास म्हणजे पात्राचा पेशा. पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम. पाचव्या लेव्हलला आमच्यातला पॅलाडिन मागे पडू लागला: पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) क्लासच्या 3 लेव्हल, सॉर्सरर (उपजत जादूगार) क्लासच्या 2. टर्नला हल्ला एकच, कारण दुसरा हल्ला पॅलाडिनच्या स्वतःच्या पाचव्या लेव्हलला मिळतो, एकूण लेव्हल त्यात धरत नाहीत. क्लासच्या चौथ्या लेव्हलची गुणवाढही (क्षमतांचे आकडे वाढवायची संधी) तशीच हुकलेली.

डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारून पात्र नव्याने बांधलं: सलग पॅलाडिन 6, मगच सॉर्सरर. पॅलाडिनची सहावी लेव्हल सोडूच नये! दहा फुटांतल्या सोबत्यांच्या सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशात) पॅलाडिनचा करिश्मा मॉडिफायर (करिश्म्याच्या आकड्यावरून ठरणारी भर) मिळतो, अख्खी पार्टी तगते. पुढे सॉर्सररचे स्पेल स्लॉट (मंत्र वापरायच्या मोजक्या संधी) स्माइटला, म्हणजे पॅलाडिनच्या फटक्यात जादा इजा करायला, वापरता येतात.

हे दोन क्लास जोडायला स्ट्रेंग्थ आणि करिश्मा दोन्ही किमान 13 हवेत. फायटर-रेंजर या क्लासच्या जोडीत मात्र दोघांचे जादा हल्ले एकत्र मोजत नाहीत.